गाडी निघाली आहे

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, या कामाला पगार नव्हता. चहा मात्र दोनदा मिळायचा. निवृत्त झाल्यावर ताई घरात बसून भांड्यांच्या जागा बदलत राहिल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनीच हे काम शोधलं आणि पहिल्या दिवशी स्वतः नेऊन सोडलं. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली, भिंतींना जाड पडदे, एक टेबल, एक माइक, आणि काचेपलीकडे यंत्र सांभाळणारा माणूस. त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि नाव वाया गेलं नव्हतं. ताईंच्या पोटात गुरगुरलं तरी तो काचेपलीकडून म्हणायचा, "ताई, आज नाश्ता नाही केलात वाटतं."

कामाची रीत सोपी होती. वाचताना चूक झाली की बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. कानसेन नंतर टकटक शोधून मधला चुकलेला तुकडा कापून टाकायचा. ताईंच्या वाचनात टकटक फार कमी. का असणार? अठ्ठावीस वर्षं त्यांनी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतले होते. त्यांचा आवाज असा घोटून तयार झाला होता की स्वतःच्या घराला आग लागली असती, तरी त्यांनी ती बातमी हवामानाचा अंदाज सांगावा तशी सांगितली असती.

त्या महिन्यात वाचायला आलं ते नीतिशास्त्राची तोंडओळख करून देणारं पुस्तक. कुणा अंध मुलीला परीक्षेसाठी तातडीनं हवं होतं. ताईंनी पुस्तक चाळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "बरोबर काय, चूक काय, हे सांगायला तीनशे पानं? आमच्या आईनं एका लाटण्यात शिकवलं होतं."

पहिलं प्रकरण परिणामवादाचं. म्हणजे काय, तर कृती बरी की वाईट हे तिच्या फळावरून ठरवायचं. ज्यातून अधिक लोकांचं अधिक भलं होईल ते करायचं. ताईंनी ते एका दमात वाचलं. बाहेर आल्या तर कानसेन डोकं खाजवत बसलेला.

"ताई, हे पुस्तकात आहे का हो?"

त्यानं बटण दाबलं. ताईंचाच आवाज, स्वच्छ, शांत. "म्हणून परिणामवादी म्हणतो की एकाचं नुकसान आणि चौघांचा फायदा यांत चौघांचं पारडं जड. गाडी निघाली आहे. पाचच मिनिटं. आता आपण या मतावरचे आक्षेप पाहू."

ताई हसल्या. जित्याची खोड, म्हणाल्या, मेल्याशिवाय थोडीच जाते. अठ्ठावीस वर्षं दिवसाला पन्नास वेळा म्हटलेलं वाक्य, आलं तोंडात. कानसेनही हसला आणि त्यानं तो तुकडा कापला. पण रस्त्यानं जाताना ताईंच्या लक्षात आलं की आपण टकटक केली नव्हती. आपल्याला ते वाक्य बोलल्याचं ठाऊकच नव्हतं.

दुसरं प्रकरण कर्तव्याचं. फळ काहीही मिळो, काही गोष्टी करायच्याच आणि काही करायच्याच नाहीत. खोटं बोलणं हे त्या न करायच्या गोष्टींत पहिलं. कारण खोटं बोलणारा समोरच्याच्या हातातून त्याचा निर्णय काढून घेतो, त्याला नकळत. इथं ताईंना हेडफोनमध्ये कुणाचा तरी श्वास ऐकू आला. ओढून, अडकत घेतलेला. त्या थांबल्या. काचेकडे पाहून त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"कोण असणार? तुम्ही आणि मी."

"श्वास ऐकू येतोय."

कानसेननं सगळ्या कळा वरखाली करून पाहिल्या. ज्या माणसाला पोटातली गुरगुर ऐकू येते, त्याला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्यानं रेकॉर्डिंग लावून दाखवलं, तेव्हा श्वास नव्हताच. ते वाक्य मात्र चार ठिकाणी होतं. गाडी निघाली आहे, पाचच मिनिटं. चौथ्या वेळी त्यापुढे आणखी दोन शब्द होते. हलवू नका.

"ताई," कानसेन या वेळी हसला नाही, "तुम्ही हे कुणाला सांगताय?"

चहाचा कप तसाच ठेवून ताई घरी आल्या.

आता ते कुणाला, ते सांगायलाच हवं. कंट्रोल रूममध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. फोन उचलला की आधी म्हणायचं 'गाडी निघाली आहे', मग पत्ता विचारायचा. कागदावरच्या नियमात हे नव्हतं. हे जुन्यांनी नव्यांना दिलेलं शहाणपण. गाडी निघाली म्हटलं की रडणारा माणूस जरा शांत होतो, पत्ता नीट सांगतो. आणि मिनिटा-दोन मिनिटांत गाडी खरोखरच निघायची, म्हणजे खोटं शिळं होण्याआधीच खरं होऊन जायचं. कुणाला त्यात पाप वाटलं नाही, ताईंनाही नाही.

अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, एका फ्रेम करणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. बायकोला श्वास घेता येत नव्हता. हाताशी एकच गाडी होती; ताईंनी ती लगेच पाठवली. दीड मिनिटानं बर्फाच्या कारखान्यातून फोन आला. वायूची गळती, चार माणसं आत. ताईंनी वायरलेसवरून गाडी अर्ध्या रस्त्यातून वळवली. चौघांपैकी तिघे वाचले. साहेबांनी पाठ थोपटली, आणि ती थाप खोटी नव्हती. त्या वळवण्याबद्दल ताईंना आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्या म्हणाल्या असत्या, वळवलीच असती.

पण फ्रेमवाला फोनवरच होता. त्यानं फोनचा स्पीकर लावून तो बायकोच्या उशाशी ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "आली का हो?" त्याला सांगायला हवं होतं, की बाबा रे, गाडी वळवली, तुझं तू बघ. सांगितलं असतं तर तो ओरडला असता, लाइन अडली असती, तक्रार झाली असती. ताईंनी हे सगळं तेव्हा मनात म्हटलं. खरी गोष्ट एवढीच, की त्यांची जीभ धजली नाही. त्या म्हणत राहिल्या, गाडी निघाली आहे, पाचच मिनिटं. मग त्यानं विचारलं, "माझी मुलगी शेजारच्यांची मोटार घेऊन खाली उभी आहे. तिच्यातून नेऊ का?" दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. आणि ताई म्हणाल्या, "हलवू नका. गाडी निघाली आहे." सव्वीस मिनिटं गेली. मग "आली का हो" थांबलं.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. महिन्याभरानं फ्रेमवाला कंट्रोल रूममध्ये आला, हात जोडून. "तुम्ही शेवटपर्यंत फोन ठेवला नाहीत," म्हणाला. "तेवढीच सोबत होती." भिंतीवरची नियमावली कोपऱ्यांतून फाटलेली पाहून त्यानं ती नेली आणि काच, लाकडी चौकट घालून फुकट परत आणून लावली. बरोबर ताईंच्या खुर्चीसमोर. तिसरा नियम होता, फोन करणाऱ्यास खरी माहिती द्यावी. निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षं त्या चौकटीखाली बसून ताईंनी फोन घेतले. बाजारात जाताना त्याचं दुकान लागायचं, म्हणून त्या पलीकडच्या फुटपाथनं जात. तिकडे गटार वाहायचं, तरी.

रात्रीच्या जेवणाला ताईंनी हे सगळं यजमानांना सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. यजमानांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अगं, आता काय त्याचं? कोळसा उगाळावा तितका काळाच. त्याची जखम भरत आली असेल, तू कशाला खपली काढतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"हे पहिलं प्रकरण झालं," ताई म्हणाल्या.

"कसलं प्रकरण?"

"सांगून कुणाचं भलं होणार, असं बघणारं. मीही अकरा वर्षं तेच करत आले. अहो, पण मी त्याच्या वतीनं हिशेब केला. त्याला विचारलं कुठे?"

यजमानांनी आमटी पुढे सरकवली.

पुढच्या आठवड्यात ताईंनी उरलेली प्रकरणं वाचली. सद्गुणांचं प्रकरण म्हणत होतं, एकेका कृतीचं काय घेऊन बसलात; असं वागत वागत तुम्ही कोण होऊन बसलात ते पाहा. करारवाल्यांचं, म्हणजे नीती हा माणसांनी आपसांत केलेला करार मानणाऱ्यांचं म्हणणं, जो नियम सर्वांना माहीत झाला तर कुणालाच चालणार नाही, तो नियमच नव्हे. ताईंना त्या शहाण्या रिवाजाची आठवण झाली: आधी निघाली म्हण, मग पत्ता विचार. तो फोन करणाऱ्यांना कळला असता तर कुणी विश्वास ठेवला असता? मेली पुस्तकं! प्रत्येक प्रकरण वेगळ्या दारानं येत होतं आणि येऊन त्यांच्याच उशाशी बसत होतं. श्वास आता रोज ऐकू यायचा. भाजी चिरताना, कुकरची शिटी होण्याआधीच्या शांततेत, फोन कानाला लावल्यावर पलीकडचा माणूस बोलायच्या आधी. आणि रोज संध्याकाळी कानसेन न बोलता कापत बसायचा. एक दिवस त्यानं सांगून टाकलं, "ताई, आज अकरा वेळा. मी कापायला कंटाळलो म्हणून नाही सांगत. मला तुमची भीती वाटायला लागलीय."

शेवटून दुसरं प्रकरण काळजीचं. नियम आणि बेरजा बाजूला ठेवा, ते म्हणत होतं. समोर जो माणूस आहे त्याला काय हवं, ते त्याच्याजवळ गेल्याशिवाय कळत नाही. ताईंनी पुस्तक मिटलं, टकटक न करता उठल्या आणि सरळ फ्रेमवाल्याच्या दुकानात गेल्या. या वेळी त्याच्याच बाजूच्या फुटपाथनं.

तो काच कापत होता. म्हातारा झाला होता. हात मात्र स्थिर. ताईंना त्यानं आवाजावरून ओळखलं. "अरे, कंट्रोलच्या मॅडम! या, या. बसा, स्टूल पुसतो." ताई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं: कारखाना, वळवलेली गाडी, सव्वीस मिनिटं, खाली उभी असलेली मोटार. आवाज हवामानाच्या अंदाजाचा लावायला गेल्या, पण तो लागेना. मध्येच फाटला.

फ्रेमवाल्यानं हातातलं काच कापायचं हत्यार खाली ठेवलं. बराच वेळ तो कापलेल्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला, आणि ताईंना वाटलं, आता रक्त येईल.

"म्हणजे ती गाडी माझ्याकडे येतच नव्हती."

"नाही."

"आणि मी पोरीला खाली थांबवून ठेवलं." तो स्टुलावर बसला, ताईंसाठी पुसलेल्या. "अकरा वर्षं माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. आईचं झालं त्याच आठवड्यात घर सोडून गेली. इथंच राहते, दोन गल्ल्या सोडून. समोरून आली तरी अनोळखी माणसासारखी जाते. मला वाटायचं, मी थांबवलं म्हणून. मॅडम, तुम्ही हे तिला सांगाल? माझी चूक नव्हती, एवढं? मला दुसरं काही नको."

काळजीच्या प्रकरणानं सांगितलं ते हे होतं तर. ताईंनी अकरा वर्षं बेरीज केली होती आणि त्या बेरजेत ही मुलगी कुठे नव्हतीच.

"सांगते," त्या म्हणाल्या.

लगेच तिच्याकडे निघायचं म्हणून दुकानाचं शटर ओढता ओढता फ्रेमवाला म्हणाला, "एक बरं होतं. बायकोला शेवटी शुद्ध नव्हती. तिला काही कळलं नसेल. मी सगळ्यांना हेच सांगतो."

ताईंनी मान खाली घातली. कारण तिला शुद्ध होती. स्पीकरवरून ताईंनी तिचा आवाज ऐकला होता, घोगरा पण स्वच्छ. "पोरीच्या गाडीतून न्या मला," ती म्हणाली होती. दोनदा. आणि तिचा नवरा तिला म्हणाला होता, "गप्प राहा, बोलू नकोस, त्या बाईंना कळतं." हे त्या माणसाला आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं, हे ताईंना कळेना. त्या बोलल्या नाहीत.

मुलगी दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. वय चाळिशीचं, कानाजवळ पांढरे केस. बापाला बघून तिनं दार लावायला घेतलं, पण ताई मध्ये उभ्या राहिल्या. "दोन मिनिटं," म्हणाल्या, आणि ओठ चावला. मग तिथंच, उंबऱ्याबाहेर, पुन्हा सगळं सांगितलं. स्वतःचं काही झाकलं नाही. हलवू नका म्हटलं ते मी म्हटलं. तुमच्या बाबांनी माझं ऐकलं, बास.

मुलीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हातावरची कणीक ती बोटानं खरवडत राहिली.

"झालं सांगून?"

"हो."

"मग मला एकच सांगा. फोन आईच्या उशाशी होता. तुम्हाला सगळं ऐकू येत असणार. आई शेवटी काय म्हणाली?"

ताईंनी फ्रेमवाल्याकडे पाहिलं. जिन्याचा कठडा त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. तोंड उघडं, आणि डोळे ताईंवर. त्या नजरेत विनवणी होती की भीती, देव जाणे. ताईंना एका क्षणात सगळी प्रकरणं आठवली, आणि एकाचंही पान सापडेना. हा माणूस अकरा वर्षांनी पोरीच्या दारात उभा आहे. एक वाक्य, आणि दार पुन्हा बंद. मेलेल्या बाईचं त्यात काय जाणार?

"काही नाही बोलल्या," ताई म्हणाल्या. आवाज कसा अगदी स्वच्छ लागला. "त्यांना शुद्ध नव्हती."

मुलगी बघत राहिली. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"होती," फ्रेमवाला म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं.

"शुद्ध होती तिला. पोरी, ती म्हणाली, मला पोरीच्या गाडीतून न्या. दोनदा म्हणाली. हात धरून म्हणाली. मी तिला गप्प केलं. लाज वाटली गं मला, म्हणून मी सगळ्यांना शुद्ध नव्हती सांगत आलो. स्वतःलाही तेच सांगितलं."

आणि तो तिथं जिन्यात उभ्याउभ्या हुंदके द्यायला लागला, लहान मुलासारखा, तोंडाला हात न लावता.

"मी जिन्यात होते, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला सांगायला वर येत होते, की मोटार चालू ठेवलीय. मी ऐकलं सगळं. तुम्ही थांबवलंत, त्याचं मला इतकं नव्हतं हो. घाबरलेला माणूस काय करणार! पण तिसऱ्या दिवशी तुम्ही आत्याला म्हणालात, तिला शुद्धच नव्हती. आईचं शेवटचं बोलणं तुम्ही पुसून टाकलंत. मी वाट बघत होते, कधीतरी तुम्ही स्वतःहून म्हणाल."

तिनं कणकेच्या हातानंच बापाचा दंड धरला आणि त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. चप्पल काढायचं भान त्याला नव्हतं, तीही काही बोलली नाही. मग दार ओढता ओढता ती थांबली आणि पहिल्यांदा तिनं ताईंकडे नीट पाहिलं. रागानं नाही, राग असता तर ताईंना तो चालला असता.

"तुम्ही गाडी वळवलीत, ते मी समजू शकते. त्या वेळी घाबरून खोटं बोललात, तेही एखादे वेळी समजेन. पण आज तुम्ही खरं सांगायला आला होतात ना? आणि मी एकच प्रश्न विचारला."

ताईंनी बोलायला तोंड उघडलं. बाबांसाठी म्हणून, हे शब्द ओठांवर आले होते. खरेच होते ते. पण ते खरे असून काही उपयोगाचे नव्हते.

"तुम्हाला माझ्या बाबांची दया आली, कळतं मला," मुलगी म्हणाली. "पण तुमच्या दयेनं त्यांना पुन्हा त्याच खोट्यात परत नेलं असतं. त्यांचं नशीब, की त्यांनी तुमचं ऐकलं नाही. या वेळी तरी."

दार लागलं. आत बापलेकीचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, नुसते दोन आवाज, एकमेकांत मिसळलेले. ताई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या, आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.